युरोपची रेल्वे नव्याने बांधली जातेय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या रेल्वेबद्दल काहीही लिहिलं की त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. काही फिरायला निघालेल्यांच्या असतात, काही तिकडे शिकायला-नोकरीला गेलेल्यांच्या, तर काही निव्वळ रेल्वेवेड्यांच्या. त्या इथे एकत्र केल्या आहेत. सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युरोपातली रेल्वे आधीच एवढी भारी आहे, मग आधुनिकीकरण नेमकं कशाचं चाललंय?

ही ख्याती मुख्यतः एकेका देशाच्या आतल्या गाड्यांची आहे. पॅरिस–लियाँ मार्गावर १९८१ पासून आणि माद्रिद–सेव्हिया मार्गावर १९९२ पासून हायस्पीड गाड्या धावताहेत, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. अडतं ते सीमेवर. प्रत्येक देशाने आपली रेल्वे स्वतःपुरती उभी केली. त्यामुळे रुळांची रुंदी, विजेचा दाब, सिग्नल, नियमपुस्तक आणि चालकाची भाषा यांपैकी काही ना काही हद्दीवर बदलतं.

दुसरं दुखणं म्हणजे जुने रूळ आणि त्यांच्यावर मावेनाशा झालेल्या गाड्या (प्रश्न ९). तिसरं, ट्रकवरचा माल रुळांवर आणायचा आहे (प्रश्न ११). बातम्यांत ताशी ३०० किमीचा वेग झळकतो, पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपात वेगाचा नंबर बराच खाली लागतो.

२. हे ठरवतं कोण? ब्रसेल्स की ज्याचा त्याचा देश?

आराखडा युरोपीय संघाचा, बांधकाम ज्याच्या त्याच्या देशाचं. या आराखड्याला टेन-टी म्हणतात. त्याचा सुधारित कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला. गाभ्याचं जाळं २०३०, विस्तारित गाभा २०४० आणि संपूर्ण जाळं २०५० पर्यंत पुरं करायचं, अशा त्यात तीन मुदती आहेत. गाभ्याच्या जाळ्यावर प्रवासी गाड्यांना किमान १६० किमी वेग मिळावा, ७४० मीटर लांबीच्या मालगाड्या धावाव्यात आणि सगळीकडे एकच सिग्नल यंत्रणा असावी, अशा अटीही आहेत. २०३० ची मुदत सगळीकडे पाळली जाणार नाही हे उघड आहे. पुढच्या उत्तरांत त्याचे नमुने दिसतीलच.

स्वित्झर्लंड संघात नाही, तरी सगळ्यात आधी काम उरकून मोकळं झालेलं तेच.

३. एवढा पैसा येतो कुठून?

बहुतेक पैसा त्या त्या सरकारचा. संघ वरून मदत करतो. २०२१ ते २०२७ या काळासाठी वाहतुकीच्या सामायिक निधीत सुमारे २,५८० कोटी युरो ठेवले आहेत. तुलनेने गरीब देशांना प्रकल्पाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते.

मला सगळ्यात पटलेला मार्ग स्विस लोकांचा. १९९० च्या दशकात त्यांनी एकामागून एक सार्वमतं घेतली: आल्प्सखालून रेल्वेचे बोगदे हवेत का, आरपार जाणारे ट्रक रेल्वेवर ढकलायचे का, अवजड ट्रकवर किलोमीटरमागे कर लावायचा का. लोकांनी तिन्हीला होकार दिला. ट्रकवरच्या करातून रेल्वेचे बोगदे झाले, म्हणजे ज्याला रस्त्यावरून उठवायचं त्याच्याच खिशातून. फ्रान्समध्ये तूर–बोर्दो हा सुमारे ३०० किमीचा मार्ग खाजगी सवलतदाराने (म्हणजे मार्ग बांधून ठरावीक वर्षं पथकर घ्यायचा हक्क मिळालेल्या कंपनीने) बांधला आणि तो २०१७ मध्ये सुरू झाला. मात्र गाड्यांकडून भारी पथकर घेतल्याशिवाय त्याचा हिशेब जुळत नाही.

४. सगळ्या युरोपात रुळांची रुंदी एकच नाही का?

नाही. बहुतेक देशांत १,४३५ मिमी आहे. स्पेन-पोर्तुगालच्या जुन्या जाळ्यावर १,६६८, आयर्लंडमध्ये १,६००, फिनलंडमध्ये १,५२४, तर बाल्टिक देश आणि युक्रेनमध्ये १,५२० मिमी. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा, म्हणजे स्पेनच्या जुन्या गेजपेक्षा फक्त ८ मिमी जास्त.

स्पेनने १९८८ मध्ये धाडसी निर्णय घेतला: हायस्पीड मार्ग देशातल्या जुन्या गेजवर बांधायचे नाहीत, युरोपच्या गेजवर बांधायचे. आज त्यांचं हायस्पीड जाळं सुमारे ४,००० किमीचं, युरोपात सगळ्यात मोठं आहे. पण देशात दोन गेज झाले. त्यावर तोडगा म्हणजे चाकांमधलं अंतर बदलणाऱ्या गाड्या. गाडी एका शेडमधून अगदी सावकाश जाते, डब्यांचं वजन बाजूच्या आधारांवर तोललं जातं, चाकांची कुलपं उघडतात, चाकं सरकतात, कुलपं पुन्हा बसतात आणि गाडी दुसऱ्या गेजवर बाहेर पडते. प्रवासी आत बसलेलेच असतात. हे करणाऱ्या टाल्गो कंपनीची गाडी २०१६ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर चाचणीसाठी धावली होती. ती अर्थातच आपल्या गेजची चाकं बसवून.

युक्रेनने सप्टेंबर २०२५ मध्ये चोप ते उझहोरोद हा २२ किमीचा युरोपीय गेजचा मार्ग सुरू केला. बाल्टिक देशांबद्दल प्रश्न ५ पाहा.

५. ‘रेल बाल्टिका’ म्हणजे काय? त्याचा खर्च इतका कसा फुगला?

टालिनपासून रिगा आणि काउनासमार्गे पोलंडच्या सीमेपर्यंत सुमारे ८७० किमीचा, १,४३५ मिमी गेजचा संपूर्ण नवा दुहेरी मार्ग. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तिन्ही देशांची रेल्वे रशियन गेजची आहे. त्यामुळे प्रवास असो की रणगाडे हलवणं, रुळांचा ओढा पूर्वेकडे. २०२२ नंतर हा प्रकल्प वाहतुकीइतकाच संरक्षणाचाही झाला.

खर्च आधी ५८० कोटी युरो धरला होता. २०२४ मध्ये तो जवळपास २,४०० कोटींवर गेला. महागाई आहेच, पण पहिला अंदाज आरेखन पुरं होण्याआधीचा होता आणि स्थानकं, पूल, शहरांतली कामं पुढे वाढत गेली. आता टप्पे पाडलेत. २०३० पर्यंत पहिला टप्पा, तोही बऱ्याच ठिकाणी एकेरी मार्गाचा, आणि त्याचाच अंदाज सुमारे १,५३० कोटींचा.

तोवर काय करतात ते पाहायचं तर लिथुआनियातलं मोत्स्काव्हा हे छोटं स्थानक पाहा. पोलंडहून गाडी एका गेजवर येते, विल्नियसची गाडी दुसऱ्या गेजवर समोर उभी असते. मधला फलाट ओलांडायचा, सामान उचलायचं, बसायचं. साधा उपाय आहे आणि चालतो.

६. विजेचंही असंच आहे का?

असंच, किंबहुना जास्तच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये १५ किलोव्होल्ट आणि १६.७ हर्ट्‌झ. नेदरलँड्समध्ये १,५०० व्होल्ट डीसी. बेल्जियम, पोलंड, इटलीत मुख्यतः ३,००० व्होल्ट डीसी. फ्रान्सच्या उत्तरेत २५ किलोव्होल्ट एसी, दक्षिणेत बराच भाग १,५०० डीसी. नव्या हायस्पीड मार्गांवर सहसा २५ किलोव्होल्ट.

मुंबईकरांना हे समजवायला नको. १९२५ मध्ये बोरीबंदर–कुर्ला मार्गावर पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवरच, आणि इगतपुरीला इंजिन बदलायची वेळ त्यामुळेच यायची. मुंबईने २०१० च्या दशकात एसीवर बदल पुरा केला. नेदरलँड्स अजून तिथेच आहे. आता उपाय इंजिनातच असतो: तीन-चार दाबांवर चालणारी इंजिनं. हद्द आली की चालक पॅन्टोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) खाली घेतो, गाडी वेगाच्या जोरावर काही अंतर जाते, मग पॅन्टोग्राफ पुन्हा वर. इंजिन महाग पडतं, थांबा वाचतो.

जाता जाता: युरोपीय संघात विद्युतीकरण झालेले मार्ग साधारण ५७ टक्के आहेत. आपला ब्रॉडगेज जवळपास पूर्ण झाला आहे. सगळ्याच बाबतीत ते पुढे, असं नाही.

७. ईटीसीएस म्हणजे आपलं ‘कवच’च ना?

ईटीसीएस म्हणजे प्रश्न २ मधली, सगळीकडे एकच असावी अशी ती सिग्नल यंत्रणा. ‘कवच’चं आणि तिचं काम सारखं, जन्माचं कारण वेगळं. दोन्ही यंत्रणा चालकाच्या समोर परवानगीचा वेग दाखवतात आणि त्याने ऐकलं नाही तर ब्रेक लावतात. ईटीसीएसमध्ये रुळांच्या मधोमध स्लीपरवर पिवळे चौकोनी संदेशक बसवलेले असतात. गाडी वरून गेली की त्यांतून तिचं नेमकं ठिकाण कळतं. पुढच्या पातळीवर परवानगी रेडिओने येते आणि रुळाशेजारचे सिग्नल काढूनही टाकता येतात. ‘कवच’मध्ये हे ठिकाण कळायला रुळांवर आरएफआयडी टॅग असतात.

फरक असा, की ‘कवच’ एकाच रेल्वेसाठी आहे, तर ईटीसीएसला वीसहून अधिक राष्ट्रीय यंत्रणांची जागा घ्यायची आहे. इथेच घोडं पेंड खातं. एका देशाने रुळांवर बसवलं आणि शेजाऱ्याने नाही, तर इंजिनात जुनी-नवी दोन्ही यंत्रं ठेवावी लागतात. लक्झेंबर्ग छोटा, त्याने सगळं जाळं बदललं. बेल्जियममध्ये २०१० साली ब्यूझिंगनला समोरासमोर टक्कर होऊन १९ जण गेले, त्यानंतर त्यांनी संपूर्ण जाळ्यावर ही यंत्रणा बसवायचं ठरवलं. मोठ्या देशांत काम रेंगाळलं आहे. दिल्ली–मेरठ ‘नमो भारत’ मार्गावरही ईटीसीएसच आहे.

८. आल्प्समध्ये इतके लांब बोगदे कशाला? जुने घाटमार्ग होते की.

होते, आणि आजही आहेत. १८८२ चा गोथार्ड मार्ग घ्या. त्याचा चढ साधारण ३७ ला १, म्हणजे आपल्या भोर घाटाइतकाच. घाट म्हटला की जादा इंजिन, कमी वजन, वळणं आणि कमी वेग आलाच. नवा बोगदा डोंगराच्या पायथ्याशीच आत शिरतो, त्यामुळे चढच उरत नाही. जुना मार्ग सुमारे १,१५० मीटर उंचीवर जातो, नवा ५५० मीटरवर. ५७ किमीचा हा गोथार्ड बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला. त्याआधी २००७ मध्ये ३४.६ किमीचा लोच्बर्ग झाला होता, नंतर २०२० मध्ये चेनेरी.

ऑस्ट्रियात ३३ किमीचा कोराल्म बोगदा डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि ग्राझ–क्लागनफुर्ट प्रवास पाऊण तासावर आला. ब्रेनरचा ५५ किमीचा बोगदा २०३२ साठी, तर लियाँ–तोरिनोचा साडेसत्तावन्न किमीचा त्याच सुमाराला अपेक्षित आहे.

आणि हो, गोथार्डमध्ये अपघात झाला होता. १० ऑगस्ट २०२३ रोजी एका मालगाडीच्या डब्याचं चाक फुटलं. गाडी बोगद्यात तशीच काही किलोमीटर गेली आणि आतल्या सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) डबे घसरले. सुमारे सात किमी रूळ बदलावे लागले, नुकसान १५ कोटी फ्रँकच्या घरात गेलं आणि बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडलं. मधल्या काळात प्रवासी गाड्या कुठून गेल्या? १८८२ च्या घाटातून. नवं झालं म्हणून जुनं उखडू नये, म्हणतात ते यासाठी.

९. जर्मन गाड्या वेळेवर असतात असं ऐकलं होतं. प्रत्यक्षात रोज उशीर. का?

२०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर होत्या फक्त ६२.५ टक्के, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरून. कारण सरळ आहे. वर्षानुवर्षं रूळ, सांधे आणि सिग्नल केबिन यांवर पुरेसा खर्च झाला नाही, आणि त्याच रुळांवर गाड्या वाढत गेल्या.

उपाय म्हणून त्यांनी मुंबईकरांच्या ओळखीची वाट धरली: मेगाब्लॉक. फक्त रविवारचा नाही, पाच महिन्यांचा. फ्रँकफुर्ट–मानहाइम हा सुमारे ७० किमीचा मार्ग जुलै ते डिसेंबर २०२४ पूर्ण बंद ठेवला. दीडशेच्या वर सांधे बदलले, २० स्थानकं दुरुस्त केली, प्रवाशांसाठी जांभळ्या बस सोडल्या. खर्च सुमारे १३० कोटी युरो. ऑगस्ट २०२५ पासून हाम्बुर्ग–बर्लिनची पाळी आली. असे चाळीसेक मार्ग २०३१ पर्यंत उरकायचे होते. आता ते २०३५ च्या पुढे ताणले आहेत, कारण इतके मार्ग एकदम बंद केले तर गाड्या वळवायच्या कुठे?

उशिरा आलेल्या जर्मन गाडीला स्विस रेल्वे बरेचदा बाझेललाच थांबवते आणि पुढे स्वतःची गाडी सोडते. उद्धट वाटतं, पण त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

१०. मग स्विस गाड्या वेळेवर कशा?

कारण ते आधी वेळापत्रक आखतात आणि मग रूळ टाकतात. डिसेंबर १९८७ मध्ये लोकांनी ‘बान २०००’ योजनेला मत दिलं. तिचं ब्रीद होतं: शक्य तितक्या वेगाने नव्हे, गरजेइतक्या वेगाने.

झ्युरिक, बर्न, बाझेल अशा मोठ्या स्थानकांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी काही मिनिटं येतात आणि ठोक्यानंतर काही मिनिटांनी सुटतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत कुठूनही येणारा कुठेही जाणारी गाडी पकडू शकतो. हे जमायला दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासाच्या जरा आत बसायला हवा. बर्न–झ्युरिक बसत नव्हता. म्हणून मॅटश्टेटन ते रोट्रिस्ट असा सुमारे ४५ किमीचा, ताशी २०० किमीचा नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ पासून प्रवास ५६ मिनिटांवर आणला. ४० मिनिटांवर आणून काही मिळालं नसतं. प्रवासी पुढच्या गाडीची वाट पाहत उभेच राहिले असते.

आता प्रश्न ९ मधली थांबवलेली गाडी आठवा. तिला वीस मिनिटं उशिरा आत घेतलं तर झ्युरिकची अख्खी घडी विस्कटते.

युरोपात कुणाकडून काही शिकायचं असेल तर मी बुलेट ट्रेनआधी हे शिकेन.

११. मालगाड्यांत युरोप आपल्यापुढे आहे का?

एका बाबतीत चक्क मागे. तिथे बहुतेक वाघिणी (मालडबे) आजही स्क्रू कपलिंगने जोडतात: कामगार दोन डब्यांच्या मध्ये वाकून शिरतो, जड साखळी उचलून हुकात अडकवतो, स्क्रू पिळतो, मग ब्रेकचा पाइप जोडतो. प्रत्येक डब्याला, पावसात आणि बर्फातसुद्धा. अमेरिकेने १८९३ मध्येच स्वयंचलित कपलिंगचा कायदा केला. आपल्या मालगाड्यांनाही मध्यवर्ती कपलर असतात. युरोपात आता डिजिटल स्वयंचलित कपलिंग आणायचं चाललंय. मात्र जुनं-नवं एकत्र जोडलं जात नाही, त्यामुळे लाखो वाघिणी थोड्याच काळात बदलाव्या लागतील. पैसे कुणी घालायचे, यावर घोडं अडलं आहे.

ट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची कोकण रेल्वेची रोरो सेवा १९९९ मध्ये कोलाड–वेर्णा मार्गावर सुरू झाली. तशीच सेवा जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून आल्प्स ओलांडून इटलीतल्या नोवाराला जायची. ती २०२५ अखेर बंद झाली. नुसते कंटेनर चढवणं स्वस्त पडतं, ट्रकसकट चालक नेणं नाही.

१२. डेन्मार्क–जर्मनी समुद्राखालचा बोगदा कधी सुरू होणार?

फेमार्नबेल्टचा हा बोगदा १८ किमीचा आहे, पण खोदलेला नाही. किनाऱ्यावरच्या कारखान्यात काँक्रीटचे ८९ भाग ओतायचे, त्यांतले नेहमीचे भाग २१७ मीटर लांब, ७३,५०० टनांचे. ते तरंगत न्यायचे आणि समुद्रतळात खणलेल्या चरात बुडवून एकमेकांना जोडायचे. आत चौपदरी रस्ता आणि दोन रूळ. २०२९ ची तारीख ठरली होती, ती हुकणार आहे. जर्मन बाजूचा जोडमार्गही मागे पडला आहे.

पूर्वी इथे आख्खी प्रवासी गाडीच फेरीबोटीत शिरायची. डिसेंबर २०१९ मध्ये ते थांबलं.

१३. श्टुटगार्ट २१ ला एवढा विरोध का झाला?

श्टुटगार्ट या जर्मन शहराचं मुख्य स्थानक बदलायचा हा प्रकल्प. जुनं स्थानक सीएसएमटीसारखं शेवटचं: गाडी आत येते आणि उलटी बाहेर पडते. ते जमिनीखाली नेऊन, काटकोनात फिरवून आरपार करायचं, असा बेत. काम २०१० मध्ये सुरू झालं. जुन्या सोळा-सतरा रुळांऐवजी फक्त आठ पुरतील का, बागेतली जुनी झाडं का तोडायची, आणि खर्च किती, यावर लोक रस्त्यावर आले. सप्टेंबर २०१० मध्ये पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, त्यात अनेक जण जखमी झाले. नोव्हेंबर २०११ च्या सार्वमतात मात्र बहुमत प्रकल्प चालू ठेवण्याच्या बाजूने पडलं. साडेचारशे कोटी युरोंचा अंदाज अकराशे कोटींच्या वर गेला. २०१९ ला उघडायचं स्थानक अजून उघडलेलं नाही.

१४. सर्बियात स्थानकाचं छत कोसळलं, ते याच कामांतलं का?

बेलग्रेड–बुडापेस्ट मार्गाच्या कामातलं. नोवी साद स्थानक नूतनीकरणानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा खुलं झालं आणि १ नोव्हेंबरला दर्शनी भागाचं काँक्रीटचं छत्र कोसळून १६ जण मेले. छत्राला हातच लावला नव्हता, असं जबाबदार मंडळी म्हणाली. लोकांनी ते मानलं नाही. विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी राजीनामा दिला. रुळांवरून गाडी २०० च्या वेगाने जाते, ते काम खरंच झालं आहे. प्रश्न होता कंत्राटं आणि तपासणी कागदावरच झाली का, हा.

१५. ब्रिटन यात मोडतो का?

संघाच्या आराखड्यात आता नाही. त्यांच्या एचएस-२ या नव्या हायस्पीड मार्गाचा उत्तरेकडचा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला. लंडन–बर्मिंगहॅमच काय ते उरलं.

१६. तीन देशांतून जायचंय. एकच तिकीट मिळेल का? गाडी चुकली तर?

कधी मिळतं, कधी नाही. विचारायचा शब्द एकच: थ्रू तिकीट. सगळा प्रवास एकाच थ्रू तिकिटावर असेल तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यावर पुढे पोचवणं ही रेल्वेची जबाबदारी. सुटी तिकिटं घेतलीत तर तुमचं तुम्ही. संघाच्या नियमाप्रमाणे एक तासाच्या वर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या वर ५० टक्के भरपाई मागता येते. पण जून २०२३ पासून टोकाचं हवामान वगैरे कारणांत ती नाकारता येते. सुटी तिकिटं स्वस्त दिसतात. स्वस्ताईचं कारण बरेचदा हेच असतं.

१७. गेज, वीज, सिग्नल सगळं एक झालं, तर कोणतीही गाडी कुठेही जाईल ना?

नाही, आणि याचा पुरावा २०१७ चा आहे. गोथार्डकडे जाणाऱ्या जर्मन मार्गावर, राश्टाटला, चालू रुळांच्या खालून नवा बोगदा खोदत होते. १२ ऑगस्टला जमीन खचली, वरचे रूळ वाकले. बोगदा वाचवायला खोदाईयंत्र आतल्या आत काँक्रीटमध्ये गाडून टाकावं लागलं. दिवसाला दोनशेपर्यंत मालगाड्यांचा हा मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला.

ऱ्हाईनच्या पलीकडे, फ्रान्समध्ये समांतर रूळ होते, गेजही तेच. तरी फारच थोड्या गाड्या तिकडून गेल्या. तिथे चालवायची परवानगी असलेली इंजिनं कमी होती, आणि त्याहून कमी होते फ्रेंच येणारे चालक. विमानात सगळीकडे इंग्रजी चालते. रेल्वेत चालकाला त्या देशाची भाषा बी-१ (म्हणजे मध्यम) पातळीपर्यंत यावी लागते, कारण सिग्नल बिघडला की केबिनमधला माणूस त्याच भाषेत हुकूम देतो. जर्मनीतलाच दुसरा पर्यायी मार्ग त्याच वेळी दुरुस्तीसाठी बंद होता.

त्यानंतर रेल्वे कंपन्यांनी एकत्र बसून मार्ग बंद पडल्यास गाड्या कुठून वळवायच्या याचे आराखडे केले. २०१९ मध्ये संघाने भाषेच्या अटीत प्रायोगिक सूट द्यायला वाट मोकळी केली: ठरलेली वाक्यं आणि भाषांतराचं साधन हाताशी ठेवून चालकाने काम निभावायचं. सर्वसाधारण नियम मात्र बी-१ चाच.